गोष्ट कुणाच्या ताब्यात? सीमाभागातील आघात आणि कथनोपचार

बिदर आणि कलबुर्गी हे कर्नाटकाचे उत्तरेकडचे दोन जिल्हे आणि त्यांना खेटून असलेले उमरगा, निलंगा, उदगीर, देगलूर हे महाराष्ट्राचे तालुके यांच्यामधली राज्यसीमा १ नोव्हेंबर १९५६ची आहे. त्याआधी हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, आणि उदगीर-निलंगा तर बिदर जिल्ह्यातच मोडत. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी असा व्यवहार औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद इथल्या हजारो कुटुंबांत आजही चालतो. या पट्ट्यावर पाऊणशे वर्षांत एकामागून एक घाव बसले. १९४८मध्ये आधी निजामसमर्थक रझाकारांचे अत्याचार झाले आणि ‘पोलीस ॲक्शन’ म्हटल्या गेलेल्या लष्करी कारवाईनंतर मुसलमानांची कत्तल झाली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप आला. १९९७-९८ साली तूर बुडाल्यावर बिदर जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची लाट उठली, ती पुढे राज्यभर पसरली. या घावांचे राजकारण लिहिले गेले, अर्थकारणही थोडेफार लिहिले गेले. ते अंगावर घेऊन जगणाऱ्या माणसाच्या मनाचे काय करायचे, हा प्रश्न मात्र मागेच पडला. जगभर आघातावरच्या उपचारात गेली तीन-चार दशके ज्या पद्धतीची चर्चा आहे, त्या कथनोपचाराकडे, म्हणजे नॅरेटिव्ह थेरपीकडे, या प्रश्नाच्या अंगाने पाहण्याजोगे आहे. तसे पाहताना माझे म्हणणे एकच आहे. नुसती गोष्ट सांगून माणूस आघातातून सावरत नाही. सांगणाऱ्याचा त्या गोष्टीवर ताबा असावा लागतो. या पट्ट्यात नेमका तोच ताबा माणसाकडून पुन्हा पुन्हा काढून घेतला गेला आहे. कधी तो देवस्थानाने घेतला, कधी जमातीने, कधी सरकारी कागदाने.

कथनोपचाराची मांडणी ऑस्ट्रेलियातील मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडमधील डेव्हिड एप्स्टन या दोघांनी केली. त्यांचे मुख्य पुस्तक १९९०चे. व्हाइट ॲडलेडच्या डलविच सेंटरमध्ये काम करत आणि २००८मध्ये ते वारले. त्यांच्या विचाराचा पाया असा की माणूस आणि त्याची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मी भित्री आहे’ असे म्हणणाऱ्या बाईला उपचारक विचारतो, ही भीती घरात कधी शिरली, ती तुमच्याकडून काय काय करवून घेते, आणि तिचे न ऐकता तुम्ही एखादी गोष्ट कधी केली होती का? प्रश्न साधे दिसतात, पण त्यांत बरेच काही आहे. मोठा आघात झाला की माणसाच्या आयुष्याचा सगळा वृत्तांत त्या एका घटनेपाशी येऊन आकसतो. त्याआधीचे आयुष्य आणि नंतर टिकून राहण्यासाठी केलेली धडपड त्यातून गळून पडते. व्हाइट म्हणत की अशा माणसाचे बोलणे दोन कानांनी ऐकावे. एका कानाने काय सोसले ते ऐकावे, आणि दुसऱ्या कानाने त्या प्रसंगात त्याने काय केले, काय जपले, कशाला नाही म्हटले ते. कारण कोणीही नुसता मार खाणारा नसतो. मुलाला पोटाशी धरणे, डोळे मिटून एखादे नाव घेत राहणे हाही प्रतिकार असतो. हा दुसरा धागा सापडला की त्याला जोडून आयुष्याचा दुसरा वृत्तांत उभा करता येतो, आणि तो विश्वासातल्या साक्षीदारांसमोर सांगता येतो. याच नावाच्या जवळची, पण वेगळी, एक पद्धत जर्मनीतील कोन्स्टान्झ विद्यापीठात माग्गी शाउअर, फ्रांक नॉयनर आणि थॉमस एल्बर्ट यांनी घडवली. तिच्यात दोरी जमिनीवर अंथरून जन्मापासूनचे आयुष्य क्रमाने मांडतात, सुखाच्या जागी फुले आणि घावाच्या जागी दगड ठेवतात, आणि प्रत्येक दगडापाशी थांबून ती आठवण स्थळ-काळासह पूर्ण बोलून घेतात. पहिली पद्धत अर्थावर काम करते, दुसरी स्मृतीवर. चर्चेत या दोन्ही सर्रास एक मानल्या जातात, आणि त्यामुळे एकीचा पुरावा दुसरीच्या नावावर जमा होतो.

या दोहोंच्या मागे स्वत्वाची एक कल्पना आहे. पॉल रिकर या फ्रेंच तत्त्वज्ञाने मांडले की ‘मी कोण’ या प्रश्नाचे उत्तर गुणांच्या यादीने देता येत नाही, ते गोष्टीनेच देता येते. काल वचन देणारा आणि आज ते पाळणारा एकच आहे हे गोष्टच जोडून दाखवते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकॲडम्स यांनी याच अंगाने ओळख म्हणजे मनात चालणारी जीवनकथा असा सिद्धांत उभा केला. मग आघात म्हणजे या कथेत पडलेला खंड, आणि उपचार म्हणजे तो सांधणे, असे ओघानेच येते. यावर सर्वांत टोकदार हरकत गेलन स्ट्रॉसन यांनी २००४च्या निबंधात घेतली. सगळी माणसे स्वतःकडे गोष्ट म्हणून पाहत नाहीत, तसे पाहणेच चांगले असेही नाही, आणि गोष्ट जुळवण्याच्या नादात माणूस स्वतःशी खोटे बोलतो, असे त्यांचे म्हणणे. ही हरकत आपल्याकडे अधिकच लागू पडते असे कोणी म्हणेल. वेदान्तात खरा मी गोष्टीच्या बाहेर, साक्षी म्हणून असतो. बुद्धाच्या विचारात तर टिकून राहणारा मी नाहीच, आणि या दोन जिल्ह्यांत आंबेडकरी बौद्ध मोठ्या संख्येने आहेत. हे खरे आहे. पण साक्षी असो की अनात्म, दोन्ही शिकवणींचा व्यवहारातला उपयोग एकच निघतो: जे घडले ते म्हणजे मी नव्हे. कथनोपचारालाही एवढेच हवे आहे. त्याला एकच अखंड, नीटनेटकी जीवनकथा लागत नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये शिकलेला, नोकरदार दया पवार आणि त्याच्यातलाच दगडू मारुती पवार समोरासमोर बसतात, एक सांगतो आणि दुसरा ऐकतो. ते पुस्तक १९७८चे. स्वत्व म्हणजे अनेक आवाजांचा संवाद, हा हर्मन्स या डच मानसशास्त्रज्ञाचा सिद्धांत त्यानंतरचा. बसवकल्याणच्या शरणांची वचनपरंपरा तर आठ शतके जुनी आहे. तिथे परीट माचिदेव, मोळीविक्या मारय्या, दोर वळणारा चंदय्या यांनी आपले अनुभव प्रथमपुरुषी सांगितले आणि प्रत्येकाने आपल्या वचनांवर स्वतःची मुद्रा उमटवली. ज्यांच्याविषयी इतरच बोलत आले, त्यांनी स्वतःच्या गोष्टीखाली स्वतःची खूण केली.

आता गाणगापूर. कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यात भीमा-अमरजा संगमाजवळचे हे दत्तक्षेत्र कर्नाटकात असले तरी तिथल्या गर्दीत महाराष्ट्रातून आलेले लोक फार मोठ्या संख्येने असतात, आणि त्यांतले बरेच ‘बाधा’ घेऊन आलेले असतात. आरतीच्या वेळी निर्गुण मठात माणसे घुमतात, ओरडतात, लोळण घेतात. त्यांत बायका जास्त. ज्यांना झोप लागत नाही, जे दचकून उठतात, ज्यांची वाचा गेली आहे, ज्यांना कशाचा तरी धसका बसला आहे, असे लोक दवाखान्याच्या आधी इथे येतात, आणि काही दवाखान्यानंतर येतात. विवेकवादी चळवळ याला अंधश्रद्धा म्हणते. महाराष्ट्राने २०१३मध्ये आणि कर्नाटकाने २०१७मध्ये अघोरी प्रथांविरुद्ध कायदे केले, त्यामागे खरे अनुभव होते. तमिळनाडूत एरवाडीला ऑगस्ट २००१मध्ये साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण आगीत जळून मेले, ते विसरता येणार नाही. तरीही गाणगापूर हे कथनोपचाराच्या अभ्यासकाने टाळावे असे ठिकाण नाही. बाधेची कल्पना अडचण माणसाबाहेर ठेवते. सासुरवाशीण सून ओरडते तेव्हा ती वाईट ठरत नाही, तिच्यातले ‘ते’ ओरडत असते. जे घरात बोलता आले नसते ते चारचौघांत बोलून होते, आणि घरचे ते हात जोडून ऐकतात. सुधीर कक्कर यांनी १९८२च्या पुस्तकात राजस्थानातील मेहंदीपूर बालाजीच्या संदर्भात हे बळ दाखवले होते. व्हाइट यांनी अडचण माणसाबाहेर ठेवण्याचा जो मार्ग सांगितला, त्याचे बाह्य रूप इथे आधीपासून आहे.

पण साम्य इथेच संपते, आणि इथे ताब्याचा प्रश्न उभा राहतो. बाधा कुणाची, कशामुळे लागली, कधी सुटेल, हे घुमणारी ठरवत नाही. ते भगत, घरातले मोठे आणि देवस्थानाची रीत मिळून ठरवतात. ओरडून झाल्यावर तिला काय आठवते, ती काय सांगू पाहते, हे कोणी विचारत नाही, कारण बोलली ती नव्हतीच. ज्या सोयीने ती दोषातून सुटते त्याच सोयीने तिचे म्हणणेही तिचे राहत नाही. मानववंशशास्त्रज्ञ विडा स्कल्टन्स यांनी महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिरात उपचारासाठी राहणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास १९८७मध्ये प्रसिद्ध केला. आजारी माणूस घरातला पुरुष किंवा मूल असले तरी अंगात येई ते त्याच्या आईच्या किंवा बायकोच्या. घरावरचे संकट ती स्वतःच्या अंगावर ओढून घेई. कुटुंबाला यातून दिलासा मिळत असेल, पण त्या बाईच्या वाट्याला गोष्ट येते ती फक्त सोसण्याची. त्यामुळे गाणगापूर बंद करा हेही मला पटत नाही आणि आमच्याकडे हे सगळे आधीपासूनच होते हा अभिमानही पटत नाही. तिथे येणाऱ्या बाईला आरती झाल्यावर कोणी तरी शेजारी बसून शांतपणे विचारावे: हे आल्यावर तुम्हाला काय होते, ते कशाला घाबरते, ते नसते तेव्हा तुम्ही कशा असता? श्रद्धेला धक्का न लावता विचारता येतील असे हे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे मात्र तिचीच असतील.

जमातीच्या गोष्टीचे प्रकरण याहून कठीण आहे. बसवकल्याण तालुक्यातील गोरटा गावात मे १९४८मध्ये रझाकारांनी हत्याकांड केले, मृतांचा आकडा दोनशेच्या घरात सांगितला जातो. त्यानंतर चार महिन्यांनी, १३ ते १७ सप्टेंबरच्या लष्करी कारवाईने निजामाची सत्ता संपली, आणि त्यापुढच्या आठवड्यांत मुसलमानांची कत्तल सुरू झाली. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीसाठी पाठवले. त्यांच्या अंदाजाने संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, आणि सर्वांत जास्त झळ बसली ती उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना. तिथला आकडा त्यांनी १८ हजारांहून कमी नाही असा धरला. सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. ए. जी. नूरानी यांनी २०१३च्या आपल्या पुस्तकात तो छापला. म्हणजे कित्येक दशके या चार जिल्ह्यांतल्या एका समाजाकडे आपल्या मृतांची कबुली देणारा, सरकारने प्रसिद्ध केलेला कागद नव्हता. अफसर मोहम्मद यांनी २०२३च्या पुस्तकात मौखिक साक्षींवरून त्या पिढीच्या आठवणी मांडल्या, तेव्हा ती पिढी संपत आली होती. दुसऱ्या बाजूला गोरट्याची आठवण जिवंत राहिली; तिथे स्मारक झाले, तिथे नेते येतात. महाराष्ट्रात १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे, सीमेपलीकडे त्याच दिवशी कल्याण कर्नाटक उत्सव होतो. एकाच पट्ट्यातल्या दोन समाजांपैकी एकाच्या वाट्याला ध्वजारोहण आले आणि दुसऱ्याच्या वाट्याला गप्प बसणे.

वामिक वोल्कन या मनोविश्लेषकाने ‘निवडलेला आघात’ अशी कल्पना मांडली आहे. एखादा समाज भूतकाळातली एक जखम निवडून तिलाच आपली ओळख करतो आणि पिढ्यान्‌पिढ्या ती पुढच्यांच्या हाती सोपवतो. ज्यांनी ती भोगलेली नसते त्यांच्या अंगात ती अधिक जोराने संचारते. यावरून कोणी म्हणेल, कथनाचे एवढे कौतुक कशाला? गोष्टींनीच तर ही आग धुमसत ठेवली. हरकत रास्त आहे. पण जमातीच्या तोंडी असलेल्या गोष्टीत खरे तर माणूस नसतोच, त्यात फक्त ‘आपण’ आणि ‘ते’ असतात. मारले गेलेल्या प्रत्येकाचे नाव, काम, नाते, स्वभाव पुसून त्याचा एक आकडा होतो आणि तो आकडा दुसऱ्याच्या अंगावर फेकता येतो. कथनोपचाराची चाल याच्या उलट आहे. त्याला तपशील हवा असतो, आणि ठरलेल्या गोष्टीत न बसणारा तपशील तर आधी हवा असतो. सुंदरलाल समितीच्या अहवालातच तो आहे. हिंदूंनी आपल्या जिवाची पर्वा न करता मुसलमान शेजाऱ्यांना वाचवल्याची उदाहरणे समितीने नोंदवली. एकाच धंद्यातल्या लोकांत ही आपुलकी विशेष दिसली, हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी हिंदूंशीच लढले आणि त्यात त्यांनी प्राणही दिले, असे अहवाल सांगतो. ही नोंद दोन्ही जमातींच्या ठरलेल्या गोष्टींना अडचणीची आहे. म्हणूनच ती दोन्हीकडे विसरली गेली. अशा नोंदीने कत्तल सौम्य होत नाही, तसा तिचा वापर करणे बेइमानीचे होईल. पण ज्या घरातला माणूस मारला गेला त्या घराला, आपल्या गोष्टीत खाटीक आणि बळी यांच्याशिवाय तिसरेही कोणी होते, एवढी जागा त्यातून मिळते. माणूस या जागेवर पाय ठेवून उभा राहू शकतो.

इथे गप्प राहण्याच्या बाजूने बोलणे भाग आहे. फाळणीच्या आठवणी गोळा करताना उर्वशी बुटालिया यांना आढळले की बायका बहुधा बोलत नाहीत, बोलल्या तर पुरुष खोलीत नसताना. त्यांचे ते पुस्तक १९९८चे. वीणा दास यांनी दाखवले की काही बायकांनी फाळणीचे विष शब्दांत न आणता रोजच्या कामात, नात्यांत, निगुतीत मुरवून टाकले, आणि हे मुरवणे हीच त्यांची सावरण्याची रीत होती. म्हणून बोललात तरच बरे व्हाल असे सांगणारा उपचार या लोकांवर दुसरा अन्याय करतो. वैद्यकीय पुरावाही त्याच बाजूचा आहे. आपत्तीनंतर लगेच वाचलेल्यांना बसवून एका बैठकीत सगळे बोलते करण्याची डीब्रीफिंगची पद्धत १९८०-९०च्या दशकांत फार लोकप्रिय होती. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर झालेली तिची चाचणी १९९७मध्ये प्रसिद्ध झाली. १३ महिन्यांनंतर अशी बैठक झालेल्यांपैकी २६ टक्क्यांत आघातोत्तर ताणविकार दिसला, न झालेल्यांत ९ टक्क्यांत. २००२च्या कॉक्रन आढाव्याने एका बैठकीचे डीब्रीफिंग सक्तीचे करणे थांबवावे असे स्पष्ट सांगितले. मदत घेऊन आलेल्या अनोळखी माणसाने वहीत नोंद करण्यासाठी ‘सांगा काय झाले’ म्हणायचे, आणि सांगणाऱ्याने तंबू-धान्याच्या आशेने सांगायचे, हा प्रकार उपचाराच्या नावाखाली होऊ नये. व्हाइट यांनीही शेवटच्या वर्षांतल्या लेखनात हेच बजावले होते, की आधी माणसाला उभे राहायला आयुष्याचा दुसरा भूभाग सापडू द्या, मग आघाताकडे जा. आणि जायचे की नाही तेही त्यालाच ठरवू द्या.

मग कथनोपचाराच्या बाजूचा पुरावा किती? व्हाइट-एप्स्टन पद्धतीचा आघातावरचा काटेकोर पुरावा तुटपुंजा आहे. अमेरिकी माजी सैनिकांवरचा २०१४चा अभ्यास आशादायक होता, पण तो छोटा आणि प्राथमिक होता. आघातकेंद्रित संज्ञानात्मक-वर्तन उपचाराच्या मागे असलेल्या चाचण्यांशी त्याची तुलना होऊ शकत नाही. दोरी-दगडांच्या जर्मन पद्धतीची बाजू अधिक भक्कम आहे. युगांडातील छावणीत सुदानी निर्वासितांवरच्या २००४च्या चाचणीत, वर्षानंतर, या पद्धतीने उपचार झालेल्यांपैकी २९ टक्क्यांना ताणविकार उरला होता, साधे समुपदेशन मिळालेल्यांपैकी ७९ टक्क्यांना. ती चाचणी ४३ जणांची होती, हे लक्षात ठेवूनच आकडा वाचावा. त्याच गटाची २००८ची चाचणी मला अधिक बोलकी वाटते. २७७ जणांच्या त्या चाचणीत निर्वासितांमधूनच निवडून शिकवलेल्या, मानसोपचाराची पदवी नसलेल्या लोकांनी उपचार केले. कथनपद्धत वापरणारे आणि परिस्थितीनुसार मोकळेपणाने आघाताविषयी बोलणारे, दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. तंत्राचे भक्त याने निराश होतील. मला त्यातून असे दिसते की शिकवलेला, त्याच भाषेतला, परत परत येणारा ऐकणारा हा उपचाराचा गाभा असावा. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने तीव्र नैराश्यावर सामान्य समुपदेशकांकडून केलेल्या उपचाराची चाचणी २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली, तिचाही रोख तोच आहे. वाराणसीत मानवाधिकार जननिगरानी समितीने डेन्मार्कच्या तज्ज्ञांबरोबर पोलीस छळ सोसलेल्यांसाठी साक्ष-उपचार राबवला. काही बैठकांत माणसाची हकीकत लिहून काढायची, त्याला वाचून दाखवायची, त्याने दुरुस्त करायची, आणि शेवटी गावासमोर समारंभाने ती त्याच्या हाती द्यायची. यातला दुरुस्त करण्याचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चुकीचे लिहिले गेले असे म्हणण्याचा अधिकार मिळालेला माणूस त्या क्षणी बळी राहत नाही.

या अधिकाराच्या नेमके उलट आपला सरकारी कागद चालतो. किल्लारीनंतर मनोविकारतज्ज्ञांच्या पाहणीत वाचलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना निदान करण्याजोगा मानसिक त्रास आढळला होता. पुनर्वसन झाले ते घरांचे. गल्ल्या, गढी, शेजार यांच्यासह विसकटलेले जुने गाव आखीव चौकटीत पुन्हा बसवले गेले, त्यात कुणाच्या दारासमोर कुणाचे दार होते ही आठवण कुणाला विचारली गेली नाही. शेतकरी आत्महत्येत तर कागद गोष्टच ठरवतो. नवऱ्याच्या मृत्यूनंतर काही दिवसांत विधवेला सिद्ध करावे लागते की जमीन त्याच्या किंवा कुटुंबाच्या नावावर होती, कर्ज मान्यताप्राप्त ठिकाणाहून घेतलेले होते आणि मरण त्यामुळेच आले. दारू, भांडण, आजार, मुलीचे लग्न यांतले काही तोंडातून निघाले की प्रकरण ‘अपात्र’ होण्याची धास्ती. ए. आर. वसवी यांनी बिदरच्या त्या आत्महत्यांवर १९९९मध्ये लिहिले तेव्हा दाखवले की कर्ज, वाण, कीड, बाजार आणि एकटे पडलेला शेतकरी हे सगळे एकमेकांत गुंतलेले होते. ती गुंतागुंत बायकोला ठाऊक असते, पण भरपाईसाठी तिला ती कापून एका ओळीची करावी लागते, आणि मग पुढे आयुष्यभर त्याच ओळीत नवरा आठवावा लागतो. इथे डाव्या टीकाकारांची हरकत येते: रोग कर्जाचा आणि जातीचा, आणि तुम्ही मनाची मलमपट्टी करता. कर्जमुक्तीच्या जागी समुपदेशन ठेवले तर ही हरकत पूर्ण खरी ठरेल. पण कथनोपचाराचे मूळ वळणच दोष माणसाच्या आतून काढून तो जिथला आहे तिथे ठेवण्याचे आहे. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ याच सीमेवरच्या अक्कलकोट तालुक्यातले, १९८४चे. जन्माचा कलंक म्हणून जे त्यांच्या अंगावर टाकले होते ते त्यांनी पाटीलकी आणि जातव्यवस्था यांच्या अंगावर परत ठेवले. त्या लेखनाने वेदना संपली असे मी म्हणत नाही. आत्मकथने लिहिणाऱ्यांना घरच्यांचा रोष आणि उघडे पडल्याची बोच दोन्ही सोसावी लागली. पण दोष कुणाचा, याचा निवाडा त्यांनी स्वतः केला.

आता प्रत्यक्षात काय करता येईल. देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६मध्ये सुरू झाला, तो ज्या नमुन्यावर बेतला तो निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने याच कल्याण कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात १९८०च्या दशकात राबवला होता. तरीही २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांसाठी उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के निघाले. ऑक्टोबर २०२२पासून टेलिमानस या सरकारी दूरध्वनी-सेवेचा १४४१६ हा क्रमांक कन्नड आणि मराठी दोन्हीत बोलतो. पण राज्याच्या चौकटीत काम करताना औरादच्या म्हाताऱ्याला कन्नडच येत असणार असे गृहीत धरले जाते, आणि जे भीतीच्या क्षणी फक्त मायबोलीतच येते ते बोलायचे राहून जाते. दुभाष्यामार्फत गोळ्या देता येतात. भूकंपात मुलगा दबला तेव्हा त्याचे शेवटचे शब्द काय होते, हे दुभाष्यामार्फत बोलणे फार कठीण आहे. शिवाय दुभाषा म्हणून बहुधा घरातलाच कोणी बसवतात, आणि मग त्याच्यासमोर न बोलण्याजोगे सगळे आपोआप गळते. आशा कार्यकर्त्या बहुधा त्याच गावच्या, त्याच भाषेच्या असतात. त्यांच्यातूनच, स्वखुशीने पुढे येणाऱ्या थोड्यांना, देखरेखीसह आणि वेगळ्या मानधनावर शिकवता येईल. आधीच कामाने वाकलेल्या बाईवर हा बोजा फुकट टाकू नये. ती ज्या जातीची किंवा धर्माची आहे त्यामुळे काही घरे तिच्याशी बोलणार नाहीत, म्हणून प्रत्येक गटात निवडीला वाव ठेवावा लागेल. आत्महत्येचा विचार, अंगातली ताकद गेल्यासारखे नैराश्य, भास, अशी लक्षणे दिसली की गोष्ट बाजूला ठेवून डॉक्टरकडे कसे न्यायचे, हे त्या शिक्षणात सर्वांत आधी आले पाहिजे.

आळंद तालुक्यात कडगंचीला केंद्रीय विद्यापीठ आहे, बिदर आणि कलबुर्गीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, सीमेपलीकडे लातूरला आहे. या चौघांनी मिळून एक चाचणी करणे अशक्य नाही. आत्महत्या झालेल्या घरांतल्या, मदत मागणाऱ्या स्त्रियांना मराठी, कन्नड आणि दखनी या तीन भाषांत एका गटाला प्रचलित समुपदेशन आणि दुसऱ्या गटाला कथनपद्धती द्यावी, वर्षाने दोघांकडे पुन्हा जावे, आणि लक्षणांच्या प्रश्नावलीबरोबर एक प्रश्न हाही विचारावा, की तुमच्याविषयी गावात जे सांगितले जाते त्यातले किती तुम्हाला तुमचे वाटते. हकीकत लिहिली गेली तर तिची मूळ प्रत बाईकडे राहील, संशोधकाकडे जाईल ती तिने तपासलेली नक्कल, आणि भरपाईच्या फाइलशी तिचा काहीही संबंध येणार नाही, एवढे आधी कागदावर लिहून घ्यावे लागेल. १९४८ पाहिलेल्यांच्या बाबतीत मात्र चाचणीइतका वेळ उरलेला नाही. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. त्यांच्यापैकी ज्यांना बोलायचे आहे त्यांच्यापर्यंत ऐकणारे याच वर्षी जायला हवेत, गोरट्याच्या घरांतही आणि ज्यांची नावे कुठल्याच स्मारकावर नाहीत त्यांच्या घरांतही.